चमच्याची हाक

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. मांडीत सळई, हातात वॉकर, आणि मागच्या सीटवर उशांच्या ढिगात मी, असा सगळा थाट. चिमी दारातच उभी होती. मला बघून आधी हसली आणि मग रडली. लहानपणी उलट करायची. मेहुणे बॅग उचलायला गेले आणि म्हणाले, दादा, मोटर भरून आणलीत की काय? म्हटलं, मोटर नाही, हत्यारं आहेत. पाय मोडला म्हणून माणूस हात घरी ठेवून येत नाही.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज किती चाललात, कुठे दुखलं ते लिहून ठेवा. म्हणून ही वही. लिहायला बसलोच आहे तर बाकीचंही लिहावं म्हणतो. जळक्या मोटरींची वायंडिंग भरण्यात जन्म गेला. वर्कशॉप शून्यातून उभं केलं, ते सोडून कधी चार दिवस कुठे राहिलो नाही. शिडीवरून पडलो नसतो तर धाकट्या बहिणीकडे यायचा मुहूर्त काही लागला नसता.

घर गावाबाहेर, चढावर. मागे दगडाची जुनी खाण आहे, कधीच बंद पडलेली. खाणीच्या आणि घराच्या मध्ये पत्र्याची लांबलचक शेड, तो चिमीचा दवाखाना. चिमी पक्ष्यांची डॉक्टर. पंख मोडलेले, तारेत अडकलेले, मांजराने धरलेले असे सगळे इथे येतात आणि बरे झाले की तिथून, खाणीच्या कडेवरून सोडले जातात. मला म्हणाली, दादा, तू माझा सगळ्यांत जड पेशंट.

माझी खोली तळमजल्यावर. न्हाणीघरात भिंतीला धरायच्या दांड्या आधीच बसवलेल्या. माझ्यासाठी एवढं? तर म्हणाली, नाही रे, सासऱ्यांसाठी लावल्या होत्या, त्यांचाही पाय मोडला होता. खडखडीत बरे झाले, आपल्या पायांनी चालत गेले. आता नणंदेकडे असतात. म्हटलं, मग मीही तसाच जाईन.

संध्याकाळी पडून होतो आणि दाराबाहेर कपाच्या कडेवर चमचा वाजला. टिंग टिंग. मग थांबून, टिंग. अंगावर काटाच आला. आई गेली तेव्हा चिमी एवढीशी होती. मी कामावरून येऊन काहीतरी शिजवायचो आणि पत्र्याच्या मगवर चमचा असाच वाजवायचो. दोनदा, आणि थांबून एकदा. गल्लीत कुठेही असली तरी तिसऱ्याला पोरगी दारात हजर. तीच खूण तिने लक्षात ठेवलीय. घास घशातच अडकला असता, पण सूप होतं म्हणून खाली उतरलं.

९ नोव्हेंबर

खोलीतून शेडपर्यंत वॉकरने गेलो. दुखलं, पण दुखण्यासारखंच दुखलं.

शेडमध्ये एक मावशी पिंजरे धुतात. बोलायला तिखट. मला म्हणाल्या, भाऊ, इथे पाहुण्यांनाही काम लागतं बरं का. म्हटलं, द्या. तर त्यांनी मला घारीपुढे बसवलं. पतंगाच्या मांज्याने पंख कापलेला, हाड मोडलेलं. पंखाला पट्टी बांधलीय, पण नजर अशी की आपण कामावर उशिरा आलोय आणि हिने ते बघितलंय. मी मनात तिचं नाव मुकादमीण ठेवलं.

मनातच, कारण चिमीचे नियम कडक. नाव ठेवायचं नाही. बोलायचं नाही. पिंजऱ्यावर कापड टाकलेलं असायचं. मांस चिमट्याने, फटीतून द्यायचं, तोंड दिसू द्यायचं नाही. वरचेवर वजन करायचं. मी विचारलं, इतकं परकेपण कशाला? चिमी म्हणाली, दादा, रानातल्या पाखराला माणसाचा भरवसा वाटायला लागला की ते मेलंच समज. त्याला सोडलं की ते ज्याच्या-त्याच्या हाताकडे जातं.

पटलं. तरी संध्याकाळी घारीला खायला देताना हातातल्या पान्याने ताटलीवर हलकेच वाजवलं. टिंग टिंग, थांबून टिंग. सवयच ती. आणि मुकादमीण, जी सकाळपासून माझ्याकडे पाठ करून बसली होती, तिने मान वळवली.

१९ नोव्हेंबर

वॉकर सुटला, काठी आली. मेहुण्यांनी मला धान्याच्या वजनकाट्यावर उभं केलं आणि म्हणाले, भरताय दादा. चिमी रोज मोजून खाऊ घालते. अंडी, हाडांचं सूप, फळं. चमचा वाजला की तोंडाला पाणी सुटतं हे कबूल करायला लाज कसली.

एक गंमत लिहून ठेवतो. या घराच्या फरशीत एक घरघर आहे. बाकी कुणाला ऐकू येत नाही, पण माझे कान मोटरींनी घडवलेत. स्क्रूड्रायव्हरचं टोक फरशीला लावलं, मूठ कानाला. जुनी युक्ती, बेअरिंग कुठलं गेलंय ते असंच कळतं. आवाज खाणीकडून येतो. मोठी, संथ, भाराखाली ओढत चाललेली मोटर. मेहुण्यांना विचारलं, खाणीत पंप आहे का? ते म्हणाले, नाही. मग म्हणाले, असेल कुणाचातरी. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आली की गिऱ्हाईक काहीतरी लपवतंय हे मला धंद्याने शिकवलंय. पण मेहुणे आहेत, गिऱ्हाईक नाहीत. सोडून दिलं.

६ डिसेंबर

मुकादमिणीची पट्टी निघाली. तिला उडायच्या लांब पिंजऱ्यात हलवलं. पहिल्या दिवशी धडपडली, दुसऱ्या दिवशी या टोकाच्या दांडीवरून त्या टोकाच्या दांडीवर. मी काठी टेकत पिंजऱ्याच्या बाहेरून तिच्याबरोबर फेऱ्या मारतो. मावशी म्हणाल्या, कोण कुणाला चालवतंय तेच कळत नाही.

ताटली वाजवायची चोरी अजून चालू आहे. आता तर ती पिंजऱ्याच्या कुठल्याही कोपऱ्यात असो, तिसऱ्या ठोक्याला माझ्यासमोर उतरते. चिमीला कळलं असतं तर तिने मला पिंजऱ्यात घालून तिला बाहेर काढलं असतं.

मावशींना सहज म्हटलं, सोडलेली पाखरं कधी परत भेटायला येतात का? त्या फडकं पिळत म्हणाल्या, भाऊ, भेटायला सोडा, मी या कडेच्या झाडांवर कधी कावळासुद्धा बसलेला बघितला नाही. मग म्हणाल्या, मी पिंजरे धुते, विचारत नाही. तुम्हीही बरे व्हा आणि जा. जरा थांबून म्हणाल्या, की बरे होऊच नका. आणि बादली घेऊन निघून गेल्या. बाईचा विनोद कधीकधी कळत नाही.

१४ डिसेंबर

आज मुकादमिणीला सोडलं.

लख्ख सकाळ होती. चिमी, मेहुणे, मी, तिघे कडेवर. खाण खोल, तळाशी पाणी नाही, नुसती सावली. चिमीने खोका उघडला. मुकादमीण क्षणभर बसली, माझ्याकडे बघितलं, आणि गेली. काय सुंदर गेली. पंख मोडला होता हे तिला आठवतही नसेल. वर चढली, वाऱ्यावर एक गिरकी घेतली. मला माझ्या पहिल्या दुरुस्त मोटरीची आठवण झाली. चालू झाली तेव्हा मी असाच तोंड उघडून उभा होतो.

मग खाणीतून आवाज आला.

टिंग टिंग.

माझ्या हातात पाना नव्हता. ताटली शेडमध्ये होती. मी चिमीकडे बघितलं, ती खाली बघत होती. घारीने हवेतच मान वळवली, पिंजऱ्यात वळवायची तशीच. मी हात हलवले, ओरडलो, जा म्हणालो. थांबून, टिंग. तिने पंख मिटले आणि दगडासारखी खाली गेली.

पडल्याचा आवाज आला नाही. माझे कान आहेत, मला माहीत आहे. काहीही आवाज आला नाही.

चिमी म्हणाली, दादा, वाऱ्याने खाली ओढली असेल, पलीकडून निघाली असेल. मेहुणे म्हणाले, प्रतिध्वनी असतात खाणीत. कशाचा प्रतिध्वनी, ते मी विचारलं नाही. पाखराने माझ्यावर भरवसा ठेवला आणि माझाच ठोका कुणीतरी उचलून तिचा केसाने गळा कापला.

दुपारी फरशीला स्क्रूड्रायव्हर लावला. घरघर साफ. बेअरिंगला नवं ग्रीस भरल्यासारखी. पोट भरल्यासारखी.

२० डिसेंबर

घरघर पुन्हा खरखरतेय. पहिल्यापेक्षा वाईट.

शेडमध्ये आता एकही पाखरू नाही. मावशी यायच्या बंद झाल्या. चिमी म्हणते, त्यांनी काम सोडलं. पाय बरा आहे, काठी नुसती सोबतीला.

आज लक्षात आलं. चमचा वाजला आणि मी उभा होतो. जेवायचं म्हणून उठलो नाही, भूकही नव्हती. आधी उभा राहिलो आणि मग मला कळलं की मी उभा आहे.

बसून विचार केला. माझ्या खोलीला जाड पडदा. मी आलो की दोघांचं बोलणं थांबतं. मोजून खाणं. वजन. शेजारीपाजारी कुणाची ओळख नाही. आणि रोज, न चुकता, एकच खूण. हे सगळं मी याआधी बघितलंय. फक्त पिंजऱ्याच्या बाहेरून.

मग स्वतःलाच हसलो. म्हटलं, म्हाताऱ्या, रिकामा बसलास की डोक्यात किडे पडतात.

२३ डिसेंबर

हसलो ते परत घेतो.

दुपारी दोघं स्वयंपाकघरात होते. मी भिंतीला स्क्रूड्रायव्हर लावला. बहिणीच्या घरात असं करायची वेळ यावी. मेहुणे म्हणत होते, माझ्या बापाला निदान मी दोन महिने जास्त ठेवलं होतं. चिमी म्हणाली, तेव्हा पाखरांवर भागत होतं. ते म्हणाले, मी माझं माणूस दिलं, आता तुझी पाळी, हे ठरलंय. चिमी म्हणाली, नाही कुठे म्हणतेय मी. काठी सुटू दे. लंगडणारं त्याला चालत नाही, तुला माहीत आहे. पुरतं बरं झालेलं लागतं, आणि आपल्या पायांनी आलेलं.

आपल्या पायांनी चालत गेले. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिने मला. तेवढं तरी खोटं नव्हतं.

२४ डिसेंबर

मिस्त्रीला फोन केला. वर्कशॉप आता तोच बघतो, माझ्या हाताखाली शिकला. म्हटलं, गाडी घेऊन ये, आजच्या आज, कारण विचारू नकोस. तो हसला. म्हणाला, मालक, ताईंचा आधीच फोन आला होता. भुलीच्या औषधाने तुमचं डोकं थोडं हललंय, म्हणाल्या, घरी न्या असं म्हणाल, तर मनावर घेऊ नकोस. आराम करा, मालक. इथलं सगळं ठीक आहे.

किती शहाणी केली मी हिला. शाळा, कॉलेज, पुढचं शिक्षण. प्रत्येक पायरीवर मीच होतो.

लंगडायचं. हाच एक उपाय दिसतो. बरं व्हायचंच नाही. मावशी विनोद करत नव्हत्या.

२८ डिसेंबर

चार दिवस झकास लंगडलो. कण्हलो. काठीवर भार टाकला. नाटकात घ्यावं मला.

आज चिमीने माझ्या चपला उचलल्या आणि तळ उजेडात धरले. दोन्ही तळ सारखे झिजलेले. म्हणजे मी एकटा असताना सरळ चालतो. हळूच म्हणाली, पाखरं दुखणं लपवतात, दादा. बरं झालेलं लपवणारा तूच पहिला.

मी काठी खाली ठेवली. म्हटलं, का?

मग बोलली. रडली नाही. म्हणाली, आम्ही हे घर सोडून गेलो होतो एकदा, दूर, दुसऱ्या घरात. त्याच संध्याकाळी फरशीखाली घरघर सुरू झाली. रोज जवळ येत गेली. ते आम्हाला ओळखतं आता. आम्ही नाही दिलं तर ते आम्हाला हाक मारेल. म्हणाली, ते ऐकत असतं, दादा. ज्याला ज्या हाकेचा भरवसा, तीच शिकतं. तुझ्यासाठी मी खूप विचार केला, तुला कुठल्या हाकेचा भरवसा असेल. आणि मला तो पत्र्याचा मग आठवला.

म्हणजे तो पहिला दिवस. तो काटा. ते सूप.

मी म्हटलं, चिमे, तो ठोका तुला भूक लागू नये म्हणून होता. ती म्हणाली, माहीत आहे. म्हणूनच तर लागू पडतो.

२९ डिसेंबर

पहाट व्हायची वाट बघितली आणि उजेडात निघालो. फाटक उघडंच होतं. त्यांनी कशाला लावायचं.

रस्ता खाणीच्या कडेने जातो. दुसरा नाही. कानात कापूस, वर मेण, वर मफलर. वळणापर्यंत ठीक.

मग पायातून आलं. कानातून नाही. मांडीतल्या सळईतून. टिंग टिंग—

कुंपणाचा खांब धरला. दोन्ही हातांनी. तिसरा ठोका झाला आणि माझे पाय कडेकडे वळलेले होते, मी नाही. खांब सोडला नाही. मोटर भरणारे हात आहेत, म्हणून. मेहुणे आले, खांद्याला धरून आणलं. चिमीने गरम पाण्याने पाय धुतले. म्हणाली, अजून थोडी भीती आहे, उद्या बघू. असं ती मुकादमिणीबद्दलही म्हणायची.

सळई कुणी सुचवली होती, प्लास्टर पुरलं असतं तर? हॉस्पिटलातल्या डॉक्टरांशी फोनवर तीच बोलत होती—

नको. तेवढं नको. एक तरी गोष्ट खरी राहू दे.

३०

घरघर भिंतीत आलीय. स्क्रूड्रायव्हर लागत नाही आता. कपाटातली भांडी थरथरतात.

मेहुणे कोपऱ्यात बसलेत, कानावर हात. म्हणतात, बाबा बोलावतायत, बाबांच्या आवाजात. चिमी म्हणते, उशीर होतोय.

जेवलो. तिने भरवलं. मी खाल्लं. का खाल्लं—

३१

सकाळ. लख्ख. वारा चांगला आहे, म्हणाली.

मागचं दार उघडं. तिथून खाणीची कड दिसते.

पलंगाच्या दांडीला पट्ट्याने पाय बांधला होता. मीच. सोडलाय. कधी सोडला—

चिमी समोर बसलीय. हात मांडीवर, रिकामे. मी नीट बघतोय. कप नाही, चमचा नाही. माझ्याकडे बघत नाही, खाली बघतेय. तेव्हाही खालीच बघत होती.

विचारलं, माझ्यानंतर कोण? म्हणाली, दादा, तू लहानपणापासून माझ्यासाठी सगळं केलंस, कधी कारण विचारलं नाहीस. आता नको विचारू.

मला सगळं कळतंय. कळून काही होत नाही. घारीलाही कळलं असेल, वरून तर सगळं स्वच्छ दिसतं—

पाय दुखत नाही. अजिबात. इतका बरा कधीच नव्हतो

भूक लागलीय. आत्ताच जेवलो तरी. गल्लीच्या टोकापासून धावत यावं अशी

लिहीत राहायचं. हात इथे आहेत तोवर मी इथे

टिंग टिंग

आता थांबेल. थांबलं. मग तिस